दंड, पोटगी आणि पदवी

2016 सालचा दिवाळखोरीचा कायदा उघडा. कलम 79. दिवाळं निघालं तरी जी देणी सुटत नाहीत त्यांची यादी तिथं छापलीय. कोर्टानं ठोकलेला दंड. हयगयीनं केलेल्या नुकसानीची भरपाई. पोटगी. आणि शिक्षणाचं कर्ज! म्हंजे गुन्हा करणारा, बायको टाकणारा अन् शिकणारा एकाच रांगेत.

कंपनी बुडाली की ह्याच कायद्याखाली बँका कोटींवर पाणी सोडतात. त्याला 'हेअरकट' म्हणायचं. त्यांचे केस, आमची मान. अन् साध्या माणसाला हा कायदा अजून लागूच नाही. 2019 साली लागू केला तो कंपन्यांना जामीन राहिलेल्यांपुरता. दार बसवायच्या आधीच आमच्यासाठी कुलूप तयार.

बाबासाहेब 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, 10 वर्षं नोकरीचा करार लिहून. 1917 ला करार पाळायला बडोद्यात आले, तर त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. आजही आडनाव ऐकून नोकरी हुकते. हप्ता तेवढा जात विचारत नाही. शिकेपर्यंत हप्ता नाही म्हणतात, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं, आणि कागदावर सही अडाणी बापाचीही असते.

वस्तीतलं कुणी थकलं असेल तर त्याला लपू देऊ नका. बँकेत लेखी अर्ज टाका, मुदत 15 वर्षांपर्यंत वाढवून मागा, पोच घ्या. वसुलीवाल्यानं सकाळी 8 च्या आधी, संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं 2022 साली बजावलंय. अन् पुढच्या मोर्चाच्या निवेदनात पहिली मागणी ही लिहा: कलम 79 मधून शिक्षणाचं कर्ज खोडा.