नोकरी का सोडली नाही?

आरोपीच्या पदरी काम केलेली व्यक्ती सरकार पक्षातर्फे साक्षीला उभी राहिली, की उलटतपासणीचे निम्मे प्रश्न आपल्याला पाठच असतात. एवढा त्रास होता तर नोकरी का सोडली नाही? इतकी वर्षे तक्रार का केली नाही? आणि मग हे गोड गोड मेसेज कोणी पाठवले? न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात 2025 च्या मे-जूनमध्ये नेमके हेच तीन प्रश्न जवळजवळ दोन दिवस चालले. तेथील वकिलांची फी आणि सूट वेगळे, प्रश्न आपलेच. म्हणून या अंकात त्या साक्षीकडे वकिलाच्या नजरेने पाहावे असे वाटले.

खटला शॉन कोम्ब्स ऊर्फ डिडी या संगीतसम्राटावरचा. न्यायाधीश अरुण सुब्रमण्यन. पाच दोषारोप होते: संघटित गुन्हेगारीचा कट, लैंगिक शोषणासाठी मानवी व्यापार (दोन), आणि वेश्याव्यवसायासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे (दोन). व्यापाराच्या दोषारोपांतील पीडिता म्हणजे त्याची पूर्वीची मैत्रीण, गायिका कॅसी व्हेंचुरा, आणि टोपणनावाने साक्ष देणारी आणखी एक स्त्री. आपण पाहणार आहोत ती साक्षीदार या दोघींपैकी नव्हे. ती 2009 ते 2017 या काळात कोम्ब्सकडे नोकरीला होती, आधी खासगी सहायक म्हणून, पुढे त्याच्या चित्रपट विभागात. न्यायालयात तिला ‘मिया’ म्हटले गेले. 29 मे, 30 मे आणि 2 जून असे तीन दिवस ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होती.

बातम्यांनी आरोपीच्या घरी सापडलेल्या बेबी ऑइलच्या बाटल्या मोजल्या. मियाला सरकार पक्षाने कशासाठी बोलावले होते, हे मात्र फारसे कोणी सांगितले नाही. कोम्ब्सने आपल्यावर एकाहून अधिक वेळा लैंगिक अत्याचार केले, असे तिने शपथेवर सांगितले. त्या अत्याचारांचा स्वतंत्र दोषारोप नव्हता. तिची साक्ष पहिल्या दोषारोपाखाली होती. कटात जे गुन्हे अंतर्भूत असल्याचे सरकारचे म्हणणे होते त्यांत सक्तीने काम करवून घेणे हा एक गुन्हा होता, आणि तो तिच्या नोकरीतून सिद्ध करायचा होता.

या गुन्ह्याचा अमेरिकेतील इतिहास आपल्या वाचकांना माहीत असावा. मिशिगनमधील एका गोठ्यावर दोन मतिमंद माणसांना वर्षानुवर्षे राबवले गेले, त्या कोझमिन्स्की खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये असा निर्णय दिला की मारहाण, मारहाणीची धमकी किंवा कायद्याचा धाक असेल तरच ती वेठबिगारी. नुसता मानसिक दबाव पुरेसा नाही. ही पळवाट काँग्रेसने 2000 च्या कायद्याने बुजवली. 2008 च्या दुरुस्तीने तर ‘गंभीर हानी’च्या व्याख्येत मानसिक, आर्थिक आणि लौकिकाची हानीही स्पष्ट शब्दांत आणली. त्या परिस्थितीतल्या, त्याच पार्श्वभूमीच्या सुज्ञ माणसाला काम करीत राहणे भाग पडेल इतकी ती हानी गंभीर असली की झाले. आपल्याकडे न्या. भगवतींनी एशियाड मजुरांच्या प्रकरणात, म्हणजे पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सच्या 1982 च्या निवाड्यात, आर्थिक निकडीतून येणारी सक्ती ही अनुच्छेद 23 खालची सक्तीच आहे असे सांगून टाकले होते. कोझमिन्स्कीच्या सहा वर्षे आधी! तत्त्वात आपण पुढे होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 146 मध्ये मात्र शिक्षा आजही एक वर्षापर्यंतचीच आहे, आणि ते कलम लावलेले दोषारोपपत्र शोधायला गेलात तर दमून जाल.

आता सरतपासणीकडे. ‘नोकरी का सोडली नाही’ हा प्रश्न येणार हे सरकारी वकिलांना ठाऊक होते, आणि उत्तराची सामग्री त्यांनी प्रश्न येण्याआधीच नोंदीवर आणून ठेवली. मुक्काम बहुधा आरोपीच्याच घरी. खोलीच्या दाराला कुलूप लावायची मुभा नाही. परवानगीशिवाय बाहेर पडायचे नाही. झोपेचा पत्ता नाही. मर्जी फिरली की हाताला येईल ती वस्तू अंगावर फेकली जाई. मर्जी बसली की तोच माणूस सर्वांत जवळचा मित्र. अत्याचाराचा पहिला प्रसंग त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या सुमाराचा, आणि त्यानंतर आपण काही घडलेच नाही असे वागत राहिलो, असे तिने सांगितले. कॅसीलाही तिने हे कधी कळू दिले नव्हते. हे सगळे तपशील सहानुभूती मिळवण्यासाठी घातलेले नव्हते. कायद्यातली ‘परिस्थिती’ आणि ‘पार्श्वभूमी’ सिद्ध करायला लागतो तो हाच पुरावा. आपल्याकडील सरतपासणी घटनेच्या तारखेपासून सुरू होते आणि वैद्यकीय तपासणीपाशी संपते. आधीची आठ वर्षे ती व्यक्ती कशी जगत होती, पगार कोणाच्या हाती होता, फोन कोण तपासायचे, रजा कोण मंजूर करायचे, हे विचारायला कोणाला सुचत नाही, आणि सुचले तरी बोर्डावर पुढची प्रकरणे वाट पाहत असतात.

उलटतपासणी बचावाचे वकील ब्रायन स्टील यांनी घेतली. या माणसाची तयारी मान्य करायला हवी. त्यांनी तिच्या सोशल मीडियावरील पोस्ट एकामागून एक पडद्यावर लावल्या: वाढदिवसाच्या शुभेच्छा, हसरे फोटो, कोम्ब्सचे गुणगान. प्रत्येक पोस्टनंतर मथितार्थ एकच, हाच का तुमच्यावर अत्याचार करणारा माणूस? कळस होता तो 2020 मधल्या एका मेसेजचा. नोकरी सुटून तीन वर्षे झालेली असताना तिने कोम्ब्सला आपले एक दुःस्वप्न कळवले होते. स्वप्नात ती लिफ्टमध्ये आर. केली या गायकासोबत अडकली होती आणि कोम्ब्सने येऊन तिला सोडवले. लैंगिक शोषणाच्या खटल्यात बचावाच्या वकिलाला असा कागद हाती लागला तर तो रात्रभर झोपणार नाही. भरीला पैशाचा मुद्दा होताच. नोव्हेंबर 2023 मध्ये कॅसीने दिवाणी दावा लावला, एका दिवसात तडजोड झाली, आणि ती रक्कम 2 कोटी डॉलर होती हे कॅसीच्या साक्षीतच उघड झाले होते. ते पाहून तुम्हालाही आठवण झाली का, असा स्टील यांचा रोख.

तिची उत्तरे मन लावून वाचावीत अशी आहेत. त्या माध्यमावर आयुष्य झकास आहे असेच दाखवायचे असते. त्याच्या मर्जीत असताना जगणे सुसह्य होते, म्हणून मर्जी राखायची. आणि त्या काळात आपल्याला तो खरोखरच आपला वाटत होता. हे तिसरे उत्तर सर्वांत अवघड, आणि आमच्या मते सर्वांत विश्वसनीय. रचलेली साक्ष देणारी व्यक्ती असे कबूल करत नाही. ती सांगते की मी पहिल्या दिवसापासून त्याचा तिरस्कार करीत होते.

ज्यूरी बाहेर असताना सरकारी वकिलांनी तक्रार केली, की ही उलटतपासणी साक्षीदाराला अपमानित करणारी आहे. न्यायाधीशांना आवाज चढलेला वा उपहास केलेला आढळला नाही आणि उलटतपासणी चालू राहिली. ते बरोबरच झाले असे आम्हाला वाटते. पूर्वीच्या लेखी मजकुराने साक्षीदाराला पेचात पकडणे हा आरोपीचा हक्क आहे, आपल्याकडे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 148 खाली आहे तसाच. गुरमित सिंग निवाड्याने 1996 मध्ये न्यायाधीशांनी मूक प्रेक्षक राहू नये असे बजावले आणि कलम 154, 155 ची हत्यारेही हाताशी आहेत. पण ती असभ्य आणि अपमानकारक प्रश्नांसाठी. अडचणीचा प्रश्न हा अपमान नव्हे. मेसेज दाखवूच नयेत असा आग्रह धरणारी सरकारी बाजू स्वतःचेच नुकसान करून घेते, कारण तेच मेसेज नीट विचारले तर सक्तीचा पुरावा ठरतात.

खरा फरक पडतो तो नोंदीत. न्यूयॉर्कला प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर शब्दशः लिहून घेतले जाते. आपल्या सत्र न्यायालयात हीच साक्ष झाली असती तर साक्षीच्या कागदावर काय उतरले असते? ‘हे म्हणणे खरे आहे की, आरोपीने मला लिफ्टमधून सोडवले असे स्वप्न पडल्याचा मेसेज मी आरोपीस पाठवला. हे म्हणणे खरे आहे की, सन 2017 पर्यंत मी कोठेही तक्रार केली नाही. हे म्हणणे खरे नाही की, पैशाच्या लोभाने मी खोटी साक्ष देत आहे.’ संपले. मध्ये तिने दिलेले स्पष्टीकरण, त्यासाठी घेतलेला वेळ, प्रश्नाचा सूर, सगळे गाळात. वर्षभराने युक्तिवादाच्या वेळी, कदाचित दुसऱ्याच न्यायाधीशांपुढे, उरतात ती दोन ‘खरे आहे’. आणि त्याखाली ती सुपरिचित ओळ: ‘फेरतपासणी – नाही’.

वास्तविक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 311 सत्र न्यायाधीशांना साक्षीचा कोणताही भाग प्रश्नोत्तररूपाने नोंदवण्याची मुभा देते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 276 मध्येही ती होती. अट एकच, कोणीतरी मागायला हवे. ‘साहेब, हा प्रश्न आणि उत्तर शब्दशः घ्यावे’ एवढे उभे राहून म्हणणारा सरकारी वकील किंवा पीडितेचा वकील क्वचितच दिसतो. फेरतपासणीचेही तसेच. मेसेज का पाठवला, हा उलटतपासणीत निघालेल्या मुद्द्याचाच खुलासा आहे, तेव्हा त्याला साक्ष अधिनियमाच्या कलम 143 ची आडकाठी नाही.

निकालाचे वाचनही सावधपणे करायला हवे, कारण त्याचा हवाला आता कोर्टाच्या कँटीनमध्ये बेधडक दिला जातो. सरकार पक्षाने 34 साक्षीदार तपासले. बचावाने एकही नाही, आणि आरोपी स्वतः साक्षीला आला नाही. 2 जुलै 2025 रोजी ज्यूरीने कट आणि मानवी व्यापार या तिन्ही दोषारोपांतून त्याला मुक्त केले आणि 1910 च्या मॅन कायद्याखालील दोन दोषारोपांत दोषी धरले. याचा अर्थ ‘ती सहायक खोटी ठरली’ असा लावणाऱ्यांनी ज्यूरीपुढचा प्रश्न पुन्हा वाचावा. मिया खरे बोलते का, असे त्यांना विचारलेलेच नव्हते. प्रश्न होता तो आरोपी आणि त्याची माणसे मिळून एक गुन्हेगारी संघटना झाली होती का आणि तसा करार होता का, हा. तिची हकिगत अक्षरशः खरी मानूनही त्याचे उत्तर ‘नाही’ असे देता येते. एका मालकाची क्रूरता म्हणजे कट नव्हे. ज्यूरी कारणे लिहीत नाही. त्यामुळे त्यांनी काय मानले ते त्यांनाच ठाऊक.

इतर सहायकांच्या साक्षी या मुद्द्यावर जास्त बोलक्या होत्या. एकाने सांगितले की हॉटेलच्या खोल्यांत सामान लावून ठेवणे आणि नंतर सफाईवाले येण्याआधी खोली आवरणे हे आपले काम होते, मालकाचे नाव खराब होऊ नये म्हणून. त्याने आधी स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क वापरला आणि अभय मिळाल्यावरच तो बोलला. नोकर, साक्षीदार आणि साथीदार या तिघांमधली रेघ कोठे ओढायची, हा संघटित गुन्हेगारीच्या खटल्यातला मुख्य प्रश्न असतो. आपला माफीचा साक्षीदार गुन्ह्यातील सहभाग कबूल करूनच येतो. ज्याने केवळ खोली आवरली त्याला आरोपी करायचे की साक्षीदार, हे आपल्याकडे तपास अधिकारी अटकेच्या पहिल्या रात्रीच ठरवून टाकतात, आणि पुढे सरकारी वकिलाच्या हाती चांगला साक्षीदार उरत नाही.

3 ऑक्टोबर 2025 रोजी कोम्ब्सला 50 महिन्यांचा कारावास आणि 5 लाख डॉलर दंड झाला. शिक्षेच्या सुनावणीत मियाला बोलायचे होते. ती खोटे बोलते असे सांगून बचाव पक्षाने लेखी विरोध केला. त्या पत्राची भाषा इतकी टोकाची होती की सरकारी वकिलांनी तिला दमदाटी म्हटले, न्यायाधीशांनीही सुराबद्दल सुनावले. मिया आली नाही. जवळजवळ दोन दिवसांची उलटतपासणी जिने सोसली ती एका पत्रापुढे मागे फिरली, हे पीडितांची बाजू सांभाळणाऱ्या वकिलांनी टिपून ठेवावे. जगजीत सिंग वि. आशिष मिश्रा (2022) नंतर आपल्याकडेही पीडितांना खटल्याच्या प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या स्मृती तुकाराम बदाडे प्रकरणात त्याच वर्षी असुरक्षित साक्षीदारांसाठीच्या साक्ष केंद्रांचे आदेश झाले. केंद्र साक्षीच्या दिवशी पडदा लावेल. दाखल होणाऱ्या लेखी म्हणण्यातली भाषा कोण पाहणार?

फेरतपासणीवर पुढील अंकात दोन लेख योजले आहेत. कलम 311 खाली प्रश्नोत्तररूप नोंदीसाठी ज्यांनी अर्ज दिला असेल, मंजूर झालेला असो वा फेटाळलेला, त्यांनी अर्जाची आणि आदेशाची प्रत महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पाठवावी. पक्षकार आणि साक्षीदारांची नावे आधी काळी करावीत.