गाडी म्हातारी झाली, म्हणून तेल स्वस्तातलं?

गेल्या दिवाळीत जालन्याहून परत येताना करमाडजवळ आमच्या जुन्या लॉराने निळसर पांढरा धूर सोडला. गाडी बाजूला घेतली, किल्ली फिरवली, तरी इंजिन बंद होईना! उलट पिसाळल्यासारखं ओरडायला लागलं. बाबांनी ब्रेक दाबून धरला, पाचवा गिअर टाकला आणि क्लच सोडला, तेव्हा कुठे आचका देऊन थांबलं. टर्बोचं सील गेलं होतं आणि इंजिन डिझेलऐवजी स्वतःचंच तेल जाळत होतं.

तिथून शेंद्र्याचा कारखाना काही किलोमीटरवर. २००१ पासून तिथे ऑक्टाव्हिया जोडल्या गेल्या, नंतर लॉरा. म्हणजे माहेराच्या दारातच बाई कोसळली!

दोष कुणाचा? शंभर टक्के आमचा. "जुन्या गाडीला कशाला महागडं तेल?" हे घरातलं लाडकं वाक्य. मंडळी, ऑफिसात जुन्या सर्व्हरचा बॅकअप आपण जास्त जपतो की कमी? मग गाडीच्या बाबतीत अक्कल कुठे जाते?

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो तरंगतो तेलाच्या पातळ थरावर. तेल तेच, इंजिनातलं. ते जुनं झालं की त्या उष्णतेत त्याचा कोळसा होतो आणि बारीक नळ्या तुंबतात. लॉराच्या १.९ पीडी इंजिनात तर इंजेक्टरही कॅमशाफ्टच दाबतो, दाब २००० बारच्या आसपास. म्हणून डब्यावर नुसतं ५डब्ल्यू-४० पाहून भागत नाही, व्हीडब्ल्यू ५०५ ०१ ही मान्यता लागते. आम्ही काय घातलं? दुकानात समोर होतं ते.

आता नेहमीच्या सबबी. "कंपनी पंधरा हजार किमी म्हणते." अहो, ते नव्या इंजिनाला, बऱ्या परिस्थितीत. पंधरा वर्षांच्या गाडीला आपली धूळ आणि ट्रॅफिक धरून त्याच्या निम्मं धरा. "गाडी फिरलीच कुठे?" जवळच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, तेलात पाणी आणि डिझेल साठतं. किमी भरोत न भरोत, वर्षाला तेल बदला. "रंग बघून ठरवू." डिझेलचं तेल काजळीने काही दिवसांतच काळं होतं, रंगावरून काहीही कळत नाही.

म्हणून यापुढे आमच्या घरचा नियम: योग्य मान्यतेचं तेल, दर वेळी नवा फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा नवा वॉशर, महिन्यातून एकदा डिपस्टिक. हायवेवरून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवूनच किल्ली फिरवायची. आणि काढलेलं तेल गटारात ओतायचं नाही.

हे परवडत नसेल तर जुनी टर्बो गाडी घेऊच नका. तेलात वाचवलेले पैसे आणि टर्बोचं बिल यांत एका शून्याचा तरी फरक असतो. त्यात बाबांच्या जागी त्या दिवशी मी असतो, तर पाचवा गिअर सुचलाही नसता.