नाव, वय, गाव

बायकोच्या मागे बिऱ्हाड घेऊन निघालेला नवरा आमच्या वडिलांच्या पिढीने फारसा पाहिला नाही. बदली व्हायची ती पुरुषाची, आणि मागोमाग ट्रंका, वळकट्या, तुळशीची कुंडी आणि मंडळी निघायची. आमच्या घरी यंदा उलटे झाले. सौ. महानिर्मितीत इंजिनिअर. तिची बदली खापरखेड्याच्या वीजकेंद्रावर झाली आणि मी, मराठीचा प्राध्यापक, तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसलो.

खापरखेडा हे सावनेर तालुक्यातले गाव, नागपूरच्या उत्तरेला वीसएक किलोमीटरवर. जवळून कन्हान आणि कोलार या नद्या वाहतात, आसपास कोळशाच्या खाणी, आणि कुठूनही पाहिले तरी दिसणारी वीजकेंद्राची धुराडी. २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० मेगावॅटचा पाचवा, मिळून १३४०, असा हिशेब सौ.ने पहिल्याच दिवशी माझ्या आईला ऐकवला. आईने तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “ते झालं. पण इथे डॉक्टर कोण?”

आईचा प्रश्न बिनतोड होता. वर्ध्याला आमचे एक डॉक्टर होते. लाकडी बाकडे, औषधी पाण्याचा वास आणि मिक्श्चरच्या बाटलीवर कातरून चिकटवलेली कागदाची पट्टी, असा तो दवाखाना. त्यांनी आईला नाव कधी विचारले नाही की वय कधी विचारले नाही. “काय वहिनी, पुन्हा तेच?” एवढाच त्यांचा प्रश्न, आणि “हो भाऊजी, तेच,” एवढेच आईचे उत्तर. ते ‘तेच’ म्हणजे काय, हे आम्हां घरच्यांना कधी कळले नाही, आणि कळून घ्यावे असेही कधी वाटले नाही. डॉक्टरांना ठाऊक आहे ना, मग झाले!

चार वर्षांपूर्वी ते डॉक्टर वारले. दवाखान्याच्या जागी मोबाईलचे दुकान आले. आम्ही हळहळलो. पण आईच्या चाळीस वर्षांच्या दुखण्यांची बखरही त्यांच्याबरोबर गेली, हे काही कोणाच्या ध्यानात आले नाही.

ते ध्यानात आले खापरखेड्यात, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. गल्लीतली पोरे लाकडी बैल घेऊन दारोदार हिंडत होती आणि आई दिवसाउजेडी चादर पांघरून निजली होती. काय होते म्हणून विचारले तर, “काही नाही रे, जरा कसर आहे अंगात.” शेजारच्या काकू म्हणाल्या, “बाजाराच्या रस्त्यावर मॅडम बसतात, त्यांच्याकडे न्या. घाई नाही करत त्या.” आईला रिक्षात घातले आणि निघालो.

दारातल्या टेबलाशी एक मुलगी बसली होती. तिने विचारले, “पहिल्यांदाच आले का? मग नवीन केसपेपर काढा लागते, काकाजी.” ‘काकाजी’ हा घाव मी सोसला आणि पुढ्यात आलेला कागद पाहिला. कागद कसला, पाठपोट छापलेली प्रश्नपत्रिकाच! नाव, वय, गाव, व्यवसाय. पूर्वीचे आजार. शस्त्रक्रिया. चालू औषधे. कोणत्या औषधाची ॲलर्जी. बाळंतपणे किती. घरात कोणाला सिकलसेल, मधुमेह, रक्तदाब.

मी मनातून चिडलो. बाई तापाने कण्हते आहे आणि यांना बाळंतपणे मोजायची आहेत! तेवढ्यात आतून बोलावणे आले. मी आईबरोबर उठलो, तर डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, “तुम्ही बाहेर बसा सर, फॉर्म भरा. आम्ही दोघी बोलतो.”

मी पेन उघडले. नाव लिहिले. वयाशी अडलो. आधार कार्डावर जन्म १ जून १९५१. आपल्याकडे मास्तरांनी शाळेत घालताना किती पिढ्यांना जूनच्या पहिल्या तारखेला जन्माला घातले आहे, कोण जाणे. मी कार्डावरचेच वय लिहिले. पुढे मात्र गाडी सुसाट निघाली. पूर्वीचे आजार? नाही. शस्त्रक्रिया? नाही. ॲलर्जी? नाही. सिकलसेल? नाही. बाळंतपणे? दोन, थोरली ताई आणि मी. तीन मिनिटांत पेपर सोडवून मी तो त्या मुलीच्या हाती दिला आणि भिंतीवरचे कॅलेंडर वाचत बसलो.

दहा मिनिटांनी डॉक्टरीणबाई स्वतः दारात आल्या. हातात माझा फॉर्म होता.

“सर, ॲलर्जीपुढे ‘नाही’ हे तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“आजींना विचारून?”

मी गप्प राहिलो.

“आजींना सल्फाची ॲलर्जी आहे. एकदा त्या गोळ्यांनी तोंड आतून सोलून निघालं होतं, अंगभर फोड आले होते. त्यांना लघवीचा जंतुसंसर्ग झालाय, आणि तो वरचेवर होतो. त्यावर आम्ही अजूनही कधीकधी सल्फाची गोळी देतो. जुनी आहे, स्वस्त आहे. तुमचा कागद पाहून मी तीच लिहिणार होते. पण आजींना एकदा तोंडी विचारलं. अशा माणसाला ती पुन्हा दिली, तर जिवावर बेतू शकतं.”

त्या रागावल्या नव्हत्या, हे जास्त लागले. फॉर्मवर माझ्या ‘नाही’ला त्यांनी लाल शाईने गोल केला होता. मी गेली वीस वर्षे मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जसे गोल करतो, अगदी तसा.

“माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा ना सर,” त्या म्हणाल्या. “मग आम्ही विचारतो. ‘नाही’ लिहिलं की विचारणं थांबतं.”

वाचकहो, मी भाषेचा मास्तर. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांतला फरक मला एका डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या उंबऱ्यावर शिकवला! आणि ते ‘तेच’ म्हणजे काय, हेही मला त्याच उंबऱ्यावर कळले. चाळीस वर्षे आई ते दुखणे एका परक्या भाऊजींना सांगत होती. पोटच्या मुलाला सांगायला तिला संकोच वाटत होता आणि मुलाला विचारायला सवड नव्हती.

औषध वेगळे मिळाले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आठवड्याने पुन्हा दाखवायला गेलो, तेव्हा मी त्या प्रश्नांविषयी विचारले. प्रत्येक प्रश्नामागे काही कारण होते. वयावर औषधाची मात्रा ठरते. कार्डावरचे वय शाळेला चालते, मूत्रपिंडाला चालत नाही. व्यवसायाचा प्रश्न तर तीनशे वर्षांहून जुना निघाला. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, आणि रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तुझा धंदा कोणता?’ हेही विचारावे, असे त्यात सांगितले. खाणीत आणि राखेत काम करणाऱ्यांच्या या मुलखात तो प्रश्न न विचारता खोकल्यावर औषध कसे द्यायचे?

आणि गाव? आपल्या विदर्भात सिकलसेल बराच आढळतो. रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि दुखणे आईबापांकडून मुलांकडे येते. नवराबायको दोघेही नुसते वाहक असले, तर स्वतःला काही त्रास नसूनही प्रत्येक खेपेला मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला याविरुद्धची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तपासणी साध्या रक्ताची आहे. मी मात्र तपासणी न करताच ‘नाही’ लिहून मोकळा झालो होतो!

माझी भाची इंग्लंडात लेस्टरला असते. तिला फोनवर ही हकीगत सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “मामा, इथे गेल्यागेल्या आधी डॉक्टरकडे नाव नोंदवावं लागतं. ताप यायच्या आधीच!” तिकडे ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. माणूस गाव बदलून नव्या डॉक्टरकडे नाव नोंदवतो, तेव्हा जुन्या डॉक्टरकडची त्याची कागदपत्रे त्याच्यामागून नव्याकडे येतात. आपल्याकडे कामगार विम्यात नाव नोंदवण्याची रीत जुनी आहे. नागपुरात ती योजना १९५४ साली आली. पण बाकीच्यांचे काय? रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्याचे कागद तीन वर्षे जपावेत आणि मागितल्यास ७२ तासांत द्यावेत, असा डॉक्टरांसाठी २००२ सालचा नियम आहे. परंतु वर्ध्याच्या लाकडी बाकड्यावर बसून ‘तेच’ म्हणणारी माझी आई कुठे दाखल झाली होती? २०२१ पासून सरकारने ‘आभा’ नावाचा चौदा अंकी क्रमांक काढला आहे. त्याने हळूहळू कागद जोडले जातील, आणि ते चांगलेच आहे. पण १९७९ साली घेतलेल्या गोळीची आठवण त्या चौदा अंकांत आपोआप यायची नाही. ती आईच्याच तोंडून यायला हवी, आणि आई आहे तोवर यायला हवी.

म्हणून त्या रात्री जेवणे झाल्यावर मी शंभर पानी वही घेऊन आईजवळ बसलो. आधी ती हसण्यावारी नेऊ लागली. मग सांगू लागली. जन्म गांधीजी गेले त्या वर्षीचा, आषाढातला. म्हणजे कार्डाहून तीन वर्षे जास्त. सल्फाच्या गोळ्या घेतल्या तेव्हा मी सहा महिन्यांचा होतो. ती बारा दिवस दवाखान्यात होती आणि मला शेजारणीने वरचे दूध पाजून सांभाळले. रक्तदाबाची गोळी वर्ध्याला सुरू होती. ती तिने दोन वर्षांपूर्वी आपल्याच मनाने सोडली, कारण “डॉक्टरच राहिले नाहीत, तर विचारायचं कुणाला?”

“बाळंतपणं?” मी विचारले आणि सवयीने दोनचा आकडा काढू लागलो.

“तीन,” आई म्हणाली.

माझा हात थांबला.

“ताईच्या आधी एक मुलगा झाला होता. अकरा दिवस होता. नाव ठेवायचं राहिलं.” तिने पदर सारखा केला. “डॉक्टरांना ठाऊक होतं. तुमचे बाबा कधी बोलले नाहीत, मग मीही नाही बोलले.”

सौ. ओटा पुसत होती, तिचाही हात थांबला. मी ‘तीन’ लिहिले. जन्मून सेहेचाळीस वर्षे झाली. मला एक थोरला भाऊ होता, हे मला एका छापील प्रश्नामुळे कळले. ज्या प्रश्नावर मी चिडलो होतो, तोच हा प्रश्न.

दिवाळीत तुमच्याकडे चार माणसे जमतील. फराळाचे ताट पुढे सरकवताना वडीलधाऱ्यांजवळ एखादी वही घेऊन अर्धा तास बसा. खरे वय, चालू गोळ्या, कशाने अंगावर आले, काय कापले, घरात कोण कशाने गेले, सिकलसेलची तपासणी झाली की नाही, एवढे पहिल्या पानावर असू द्या. गाव बदलेल, डॉक्टर बदलेल. वही पिशवीत घालून नेता येते. आणि एखादी गोष्ट त्यांना तुमच्यासमोर सांगायची नसेल, तर डॉक्टरसमोर सांगू द्या. तुम्ही बाहेर कॅलेंडर वाचत बसा.

वही मिटणार, तेवढ्यात आईने ती माझ्याकडून ओढून घेतली. “आता तुझं,” ती म्हणाली. चष्मा लावून तिने नवे पान काढले. नाव तिने स्वतःच लिहिले, वयही तिथीसकट लिहिले. गोवर कधी आला, झाडावरून पडून हात कधी मोडला, सारे न विचारता लिहिले. मग पेन उचलून मला विचारले,

“धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंस?”

मी पुष्कळ आठवून पाहिले.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

“मग तसंच लिहिते,” आई म्हणाली. आणि तिने तसेच लिहिले.