क्रिएटिनीन उतरले, पण मांडी का वाळली?

मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचे निदान झाले की घरातील पहिला बदल स्वयंपाकघरात होतो. तुरीचे वरण बंद, मूग बंद, दूध निम्मे, पनीर हद्दपार. 'प्रथिने किडनीला बाधतात' एवढेच वाक्य कुटुंबाच्या ध्यानी राहिलेले असते. तीन महिन्यांनी रक्ततपासणी होते, क्रिएटिनीन २.४ वरून २.१ वर आलेले दिसते आणि पथ्य फळाला आले म्हणून सारे समाधान पावतात. याच काळात सदरा खांद्यावरून ओघळू लागलेला असतो, दुकानातल्या गादीवरून उठताना हात टेकावा लागत असतो. त्या आकड्याशी या खुणांचा संबंध मात्र सहसा कोणी जोडत नाही.

संबंध असू शकतो. क्रिएटिनीन हे प्रामुख्याने स्नायूंत तयार होते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. स्नायूच झिजले तर ते तयारच कमी होते, आणि मूत्रपिंडात काडीची सुधारणा नसतानाही अहवालातला आकडा उतरतो. माल येणेच घटल्यामुळे जकात कमी भरावी लागली, तर त्याला कोणी व्यापारी नफा म्हणत नाही. रुग्ण वाळत चालला असेल तर सिस्टॅटिन-सी ही तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. तिचा आकडा स्नायूंवर फारसा अवलंबून नसतो. वजनकाट्यावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. अंगात पाणी साठले की स्नायू गेल्याची तूट ते पाणी भरून काढते आणि काटा जागचा हलत नाही.

ही झीज केवळ कमी खाण्याने होत नाही. निरोगी मूत्रपिंडे रोजचे आम्ल शरीराबाहेर टाकतात. ती दुबळी झाली की रक्तातील आम्लता वाढते आणि त्या आम्लतेमुळे शरीर स्वतःचे स्नायू मोडू लागते. त्यात अंगातील मंद दाह, इन्शुलिनचा घटलेला प्रभाव आणि मंदावलेली भूक यांची भर पडते. लंडनमध्ये १३४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना दोन वर्षे सोडियम बायकार्बोनेट दिले गेले, त्यांच्या मूत्रपिंडांची घसरण मंदावली आणि दंडाच्या स्नायूंचे मापही सुधारले. हे वाचून कोणी खाण्याचा सोडा पाण्यात ढवळून पिऊ नये. त्यातील सोडियमने सूज आणि रक्तदाब वाढू शकतो. गरज आहे की नाही आणि मात्रा किती, हे रक्त तपासूनच ठरते.

आता प्रथिनांचा हिशेब. मूत्रपिंडविकाराविषयीच्या २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, डायलिसिस सुरू नसलेल्या मध्यम ते गंभीर अवस्थेतील प्रौढ रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिने असावीत. साठ किलोच्या माणसाला ती ४८ ग्रॅम होतात. ज्वारी-गव्हाचे मिळून सव्वादोनशे ग्रॅम पीठ, दोन वाट्या वरणाची साठ ग्रॅम डाळ आणि पाव लिटर दूध-दही एवढ्यात सुमारे ४५ ग्रॅम होतात. म्हणजे घरचे साधे जेवणच जवळजवळ पुरते. वरण बंद करण्याचे कारण उरत नाही आणि मुलाने व्यायामशाळेतून आणलेल्या पावडरीचा डबा उघडण्याचेही नाही, कारण अति प्रथिनांचा भार मूत्रपिंडांवर पडतोच. काही तज्ज्ञ विशिष्ट गोळ्यांसह याहून कमी प्रथिने देतात. तो प्रयोग त्यांच्या देखरेखीखालीच शोभतो. उलट, वयोवृद्ध आणि अशक्त रुग्णाला थोडी अधिकही लागू शकतात.

डायलिसिस सुरू झाले की मात्र हिशेब उलटतो. यंत्रावरच्या प्रत्येक फेरीत काही ग्रॅम अमिनो आम्ले रक्तातून निघून जातात, म्हणून गरज किलोमागे १ ते १.२ ग्रॅमपर्यंत जाते. जुने पथ्य जुन्याच निष्ठेने पाळणारी घरे या टप्प्यावर रुग्णाचे मोठे नुकसान करतात, आणि तेही प्रेमापोटी.

पोट भरण्याचाही प्रश्न आहे. किलोमागे २५ ते ३५ कॅलरी मिळाल्या नाहीत, तर खाल्लेली प्रथिने आणि अंगातील स्नायू दोन्ही इंधन म्हणून जळतात. सरपण संपले की घरातले सागवान चुलीत जाते, तसे हे आहे. डाळीची फोडणी, भाकरीवर तूप यांचा संकोच सर्वांनीच करण्याची गरज नसते. मधुमेह वा हृदयविकार असेल तर प्रमाण आहारतज्ज्ञाने ठरवावे. शाकाहाराची एक जमेची बाजू म्हणजे डाळी-धान्यांतील फॉस्फरस शरीरात कमी शोषला जातो आणि वनस्पतिज अन्नाचा आम्लभारही कमी असतो. खरी अडचण तिथीच्या दिवशी येते. हिरवी भाजी नसते म्हणून पापडाची भाजी, शेव, खाखरा, लोणचे पानात येते आणि मीठ नकळत दुपटीने जाते.

जेवण ही अर्धी बाजू झाली. खाल्लेली प्रथिने स्नायूंत टिकायची, तर स्नायूंना काम हवे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टन येथील एका लहान अभ्यासात मूत्रपिंडविकाराचे २६ रुग्ण होते आणि सर्वजण कमी प्रथिनांच्या आहारावर होते. ज्यांनी बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा वजनांचा व्यायाम केला, त्यांचे स्नायुतंतू जाड झाले आणि ताकद वाढली. ज्यांनी केला नाही, त्यांचे तसे झाले नाही. सकाळचे देवदर्शनाला चालत जाणे हृदयाला हिताचे आहे, पण मांडीला त्याहून अधिक भार लागतो. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून टाचा उचलणे, रबरी पट्टा ओढणे एवढ्यावर आरंभ करता येतो. छातीत दुखत असेल वा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर आधी डॉक्टरांचा होकार घ्यावा.

हीच खुर्ची मोजमापालाही उपयोगी पडते. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार, हात छातीशी बांधून पाच वेळा उठण्या-बसण्यास बारा सेकंद किंवा अधिक लागले, अथवा पोटरीचा घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर स्नायूंची पुढील तपासणी करावी. हे आकडे दर महिन्याला क्रिएटिनीनच्या शेजारी लिहून ठेवावेत आणि तीच वही डॉक्टरांपुढे ठेवावी.

राहिला तपाचा विषय. सलग उपवासांत ऊर्जेची तूट भरून काढण्यासाठी शरीर स्नायूही मोडते. मूत्रपिंडविकारात ती झीज भरून येणे कठीण असते आणि पाण्यावाचूनच्या उपवासाने उरलेल्या मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. अठाई किंवा वर्षीतपाचा संकल्प करण्याआधी मूत्रपिंडतज्ज्ञ आणि गुरुमहाराज दोघांनाही अहवाल दाखवावा. प्रत्याख्यानात आगार ठेवण्याची रीत परंपरेतच आहे, आणि आजाऱ्याने कोणता आगार ठेवावा हे सांगण्यास साधुसाध्वी कचरत नाहीत. त्यांना विचारणारेच कमी असतात. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांत रात्रीचा उपास मुळातच लांब असतो. म्हणून रुग्णाने संध्याकाळच्या पानात वरणभात नेमाने घ्यावा, आणि सकाळी नवकारशी पाळून होताच न्याहारी करावी, दुकान उघडून परत येईपर्यंत थांबू नये.