कप्तानपद हा पालखीचा मान नव्हे!

भातकापणी झाली, झोडणी आटोपली, तुळशीची लग्ने लागली की मालवणच्या किनारपट्टीवरील कुणगे मोकळे होतात आणि तेथे स्टंप उभे राहतात. आचरा, मसुरे, कट्टा, देवबाग, कुठेही जा. टेनिस बॉलचे सामने, लाऊडस्पीकरवरचे समालोचन, मुंबईच्या चाकरमान्याने ठेवलेला चषक आणि बांधावर बसलेला सारा गाव. वर्षभर प्रत्येक वाडीचा संघ वेगळा असतो, त्यामुळे भांडणाला फारसे कारण नसते. पण ‘एक गाव, एक संघ’ अशी अट असलेली स्पर्धा जाहीर झाली की गावाची खरी परीक्षा सुरू होते. सगळ्या वाड्यांतून अकरा पोरे निवडायची असतात आणि त्यांच्यावर एक कप्तान नेमायचा असतो.

आमच्या माहितीतील एका गावात अशीच निवड झाली. गावाचे नाव आम्ही सांगत नाही, कारण ते अनेक गावांचे नाव असू शकते. बौद्धवाडीच्या संघाचा एकोणीस वर्षांचा कप्तान गेले दोन हंगाम आपला संघ जिंकून देत होता. शेवटचे षटक कुणाला द्यायचे, सीमेवर कोण उभा राहील, फलंदाज कुठे मारणार याचा त्याचा अंदाज सहसा चुकत नसे. गावाच्या अकरा जणांत त्याला घेण्यावर कुणाचीच हरकत नव्हती. पण कप्तानपदाचा विषय निघताच बैठकीतून आवाज आला, ‘‘ल्हान आसा तो अजून, तेका काय कळता?’’ आणि कप्तानपद दुसऱ्याकडे गेले. हे ऐकून आम्हालाही क्षणभर वाटले की असेल, अनुभवाचा मुद्दा असेल. नंतर कळले की मागच्या हंगामात याच गावाचा कप्तान अठरा वर्षांचा होता. फरक एवढाच, की तो मानकऱ्याच्या घरातला होता!

तेव्हा प्रश्न असा आहे की कोवळ्या वयाचा खेळाडू जिंकणाऱ्या संघाचे नेतृत्व करू शकतो की नाही? प्रश्न खोटा नाही, त्याचा विचार प्रामाणिकपणे झाला पाहिजे. पण तो विचार करताना एक गोष्ट आधी तपासली पाहिजे. वयाचा दाखला कुणाकडून मागितला जातो आणि कुणाकडून मागितलाच जात नाही?

इतिहासात याचे ठसठशीत उत्तर आहे. १९११ साली हिंदुस्थानचा पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्याचे कप्तान होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. त्यांचा जन्म ऑक्टोबर १८९१ चा, म्हणजे दौऱ्याच्या वेळी वय वर्षे १९! त्यांचा अनुभव कुणी विचारला नाही. महाराज दौऱ्यात मोजकेच सामने खेळले आणि संघाने प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी १० गमावले. त्याच संघात पालवणकर बाळू होते. कोकणातल्या पालवण गावाचे नाव आडनावात वागवणारे, चांभार समाजात जन्मलेले, डावखुरे फिरकी गोलंदाज. बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. संघ हरत होता आणि बाळू जिंकत होते.

हे बाळू कोण? पुण्यात पारशांच्या क्लबात दरमहा ३ रुपयांवर मैदानाची झाडलोट करणारा पोरगा. पुढे गोऱ्यांच्या क्लबात ४ रुपयांवर साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणारा नोकर. त्या चेंडूची करामत पाहून सवर्ण हिंदूंना त्यांना संघात घ्यावे लागले. मैदानावर बाळूंनी हाताळलेला चेंडू सगळ्यांना चालत असे, पण चहाची वेळ झाली की बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९०६ साली हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना हरवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. पण कप्तानपद? ते त्यांच्याकडे आले नाही. हिंदू संघाचे कप्तान एम. डी. पै यांनी स्वतः एका सत्काराच्या वेळी सांगून टाकले होते की हा मान खरे तर बाळूंचा आहे. पै यांचा प्रामाणिकपणा मान्य, पण ज्यांच्या हातात निवड होती त्यांना ते ऐकू आले नाही.

१९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळण्यास जाहीर नकार दिला. आपल्या घराला जातीमुळे डावलले जात आहे, असे त्यांनी लेखी कळवले. दोन मोहरे गेले तर चषक जाईल, हे व्यवस्थापनाला उमगले आणि बाळूंना उपकप्तान म्हणून परत बोलवावे लागले. हा बहिष्काराचा विजय होता, कुणाच्या औदार्याचा नव्हे! पुढे १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्याच वर्षी संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. ज्यांच्या घरात विठ्ठलना पाणी मिळाले नसते, अशांनी त्या दिवशी त्यांना खांद्यावर घेतले.

आता हिशेब करा. १९ वर्षांचे महाराज लहान नव्हते. ४४ वर्षांचे बाळू अनुभवी नव्हते. मग वयाचा मुद्दा होता कुठे? जो लहान आहे त्याला ‘लहान’ म्हणायचे आणि जो मोठा आहे त्याला ‘आता म्हातारा झाला’ म्हणायचे. दोन्ही वेळी दार एकाच माणसासाठी बंद! १९३६ सालच्या इंग्लंड दौऱ्यावर विजयानगरमचे महाराजकुमार कप्तान झाले. तीन कसोटींत त्यांच्या धावा झाल्या ३३. कप्तानपद हे त्या काळात गुणांचे नव्हते, मानाचे होते. आमच्या कोकणातील गावरहाटीत पालखीला पहिला खांदा कुणाचा, गाऱ्हाणे कुणी घालायचे, हे जन्माने ठरते. तीच रीत क्रिकेटच्या मैदानावर आणली गेली. आज बौद्धवाडीचा पोरगा आणि मानकऱ्याचा पोरगा एकाच बाटलीने पाणी पितात, याचा आम्हाला आनंद आहे. पण बाटली एक झाली म्हणून नाणेफेकीला जाण्याचा अधिकार एक झाला असे होत नाही.

येथे बाळूंबद्दल एक गोष्ट लपवून चालणार नाही. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले होते. बाबासाहेब विजयी झाले. ती राजकीय चूक आम्ही विसरलेलो नाही. पण इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी हेही नोंदवले आहे की इंग्लंडहून परतलेल्या बाळूंच्या सत्कारात मानपत्र देण्यासाठी तरुण भीमराव पुढे होते. ज्यांच्या चेंडूने अस्पृश्यांची मान उंचावली, त्यांचे ऋण बाबासाहेबांनी मानले. ते आम्हीही मानतो.

आणखी एक योगायोग पाहा. भूपिंदरसिंग आणि बाबासाहेब दोघेही १८९१ चे. एकाला एकोणिसाव्या वर्षी संघ आयता मिळाला. दुसरे त्या वेळी एल्फिन्स्टन कॉलेजात पुस्तकांशी झगडत होते. पण याच भीमरावांनी १९१९ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी भर सभेत सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. तेव्हा बाबासाहेब अठ्ठावीस वर्षांचे होते. ज्या साली मुंबईचे जिमखाने बाळूंना डावलत होते, त्याच साली एक राजा तरुण माणसाला पुढे करत होता. शाहू महाराज ‘अजून लहान आहे’ म्हणाले असते तर?

हा आजार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाची जागा असते. संघाची प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते, म्हणून ती डोक्याची जागा समजतात. काळ्या खेळाडूंनी धावावे, धडका घ्याव्यात, पण ही जागा त्यांना झेपणार नाही, असे तेथे वर्षानुवर्षे मानले जाई. जानेवारी १९८८ मध्ये डग विल्यम्स या काळ्या क्वार्टरबॅकने वॉशिंग्टन संघाला सुपर बोल ४२ विरुद्ध १० असा जिंकून दिला आणि त्या अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. फेब्रुवारी २०२३ च्या अंतिम सामन्यात तर दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक काळे होते, त्यातला जेलन हर्ट्स अवघा चोवीस वर्षांचा. दक्षिण आफ्रिकेच्या टेंबा बावुमाला ‘कोट्यातला कप्तान’ म्हणून हिणवले गेले. हा शब्द आपल्या पोरांना शाळा-कॉलेजात रोज ऐकावा लागतो! त्याच बावुमाच्या संघाने जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटीचे जागतिक अजिंक्यपद मिळवले.

काही जण म्हणतील, तरुण कप्तान अपयशीही ठरतात. खरे आहे. मालवणात जन्मलेले रमाकांत आचरेकर सर यांचा शिष्य सचिन तेंडुलकर तेविसाव्या वर्षी भारताचा कप्तान झाला. त्याच्या नेतृत्वाखालील २५ कसोटींपैकी भारताने ४ जिंकल्या. मोठा फलंदाज मोठा कप्तान होतोच असे नाही, हे त्यातून दिसले. उलट मन्सूर अली खान पतौडी १९६२ साली एकविसाव्या वर्षी कप्तान झाले. ४० कसोटींत ९ विजय आणि १९ पराभव! तरीही १९६८ साली न्यूझीलंडमध्ये भारताला परदेशातील पहिली मालिका त्यांनीच जिंकून दिली. ते नबाबाचे पुत्र होते, त्यांना हरत हरत शिकायची मुभा मिळाली. आमचे म्हणणे नेमके हेच आहे. नेतृत्व हे पोटातून येत नाही, ते सामने हरून आणि जिंकून येते. आमच्या पोराला ही मुभा का नाही? तो एक सामना हरला की सारी वाडी हरते, अशी टांगती तलवार त्याच्याच डोक्यावर का?

म्हणून आमचे सांगणे सरळ आहे. ‘एक गाव, एक संघ’ म्हणायचे असेल तर कप्तान अकरा खेळाडूंनी चिठ्ठ्या टाकून निवडावा, बांधावर बसलेल्या मानकऱ्यांनी नव्हे. निवडला तर संपूर्ण हंगाम द्यावा, एका पराभवावर काढून घेऊ नये. आणि वयाची अट घालायची असेल तर ती सर्व वाड्यांना सारखी घालावी. हे मान्य नसेल तर आमच्या पोरांपुढे विठ्ठल आणि शिवराम यांचा धडा आहे. आपल्याशिवाय संघ उभा राहत नाही, हे शांतपणे दाखवून द्यावे.

पण बांधवांनो, बोट दुसऱ्याकडे दाखवताना तीन बोटे आपल्याकडे वळतात. आपल्या जयंती मंडळात काय चालते? वीस-वीस वर्षे तोच अध्यक्ष, तोच खजिनदार. शिकून आलेल्या मुलाने हिशेब विचारला की ‘कालचा पोर’ म्हणून गप्प बसवायचे. शिकलेल्या मुलीला तर सूत्रसंचालनापलीकडे काही द्यायचेच नाही. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा नामदेव ढसाळ तेवीस वर्षांचे होते. त्यांनी ज्येष्ठांच्या परवानगीची वाट पाहिली नाही. रिपब्लिकन गटातटांच्या भांडणात आपण किती पिढ्या राखीव खेळाडू म्हणून बसवून ठेवल्या, याचा हिशेब कोण देणार? जे गावाला सांगायचे, ते आधी वाडीत करून दाखवावे लागेल. येत्या १४ एप्रिलच्या स्पर्धेची सारी सूत्रे वाडीतील तरुण मुलामुलींच्या हाती द्या. चुकतील तर चुकू द्या, बाजूला उभे राहून साथ द्या.

त्या एकोणीस वर्षांच्या पोराला आम्ही भेटलो तेव्हा तो रागावलेला नव्हता. संघात राहणार का, विचारले. म्हणाला, ‘‘खेळान तर. पण शेवटची ओव्हर कोणाक देवची, ता माका म्हायत आसा.’’ गावाने त्याचे ऐकले तर चषक गावात येईल. नाही ऐकले, तर गाव हरेल आणि का हरला ते बांधावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असेल.

जयभीम!