वर तळं, खाली आजीची खोली



गेल्या दिवाळीत आमच्या कंपूतल्या घरात एक वाद झाला. वाद जमिनीचा नव्हता की वाटणीचा नव्हता, चक्क माशांचा होता. पुतण्या पुण्याची नोकरी घरूनच करायची म्हणून कायमचा ग्वाल्हेरला परत आला. जेवताना म्हणाला, "काका, वरच्या हॉलमध्ये मी रिमलेस टँक बसवतोय. सहा फुटी."

"म्हणजे काय रे?" आईनं विचारलं.

"आजी, काचेची मोठी पेटी. पण वर पट्टी नाही, चौकट नाही, झाकण नाही. नुसतं पाणी दिसतं."

त्यानं फोनवर फोटो दाखवले. खोटं कशाला बोलू, मीही बघत राहिलो. आमच्या पिढीचं मत्स्यालय म्हणजे मुंबईचं तारापोरवाला, 1951 साली सुरू झालेलं. सुटीत मामाकडे गेलो की तिथली फेरी ठरलेली. तिथे मासे भिंतीतल्या खिडक्यांमधून दिसायचे. हे तसं नव्हतं, जंगलाचा एक तुकडा उचलून खोलीत आणून ठेवावा तसं होतं. ही शैली जगभर पोहोचवली ती जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो (1954–2015) यांनी. लिस्बनच्या मत्स्यालयातलं त्यांचं 2015 सालचं काम तर 40 मीटर लांब आहे आणि त्यात 1 लाख 60 हजार लिटर पाणी आहे.

पुतण्याची तयारी दांडगी होती. दिवे, फिल्टर, पाणवनस्पती, मासे, सगळ्याची यादी आणि किमती लिहिलेल्या. त्या यादीत एकच रकाना नव्हता, वजनाचा.

मग आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. लांबी 180, रुंदी 75, उंची 60 सेंटिमीटर. काठोकाठ भरला तर 810 लिटर पाणी, म्हणजे 810 किलो. काचवाल्यानं 15 मिलिमीटरची काच सांगितली होती, तिचे सुमारे 165 किलो. वाळू, दगड आणि लोखंडी स्टँड धरून आकडा अकराशे किलोच्या पुढे गेला. तोही जेमतेम 1.35 चौरस मीटर जागेवर! घराचा मजला बांधताना माणसं आणि सामान यांचा भार आपल्या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण 200 किलो धरतात. इथे त्याच्या चौपट होत होता. शिवाय आमचा मजला काही नव्या स्लॅबचा नाही. लश्करातल्या जुन्या घरांत असतो तसाच, लोखंडी गर्डरवर दगडी पटिया टाकलेला. आणि त्याच्या बरोबर खाली आईची खोली.

"मासे एवढे जड असतात?" आईनं विचारलं.

"मासे नाहीत गं, पाणी."

आता त्या पट्टीबद्दल. साध्या टँकला वर पट्टी असते ती शोभेसाठी नाही. पाणी काचेला बाहेर ढकलत असतं आणि वरची पट्टी काचेला मध्येच फुगू देत नाही. पट्टी काढली तरी तिचं काम शिल्लक राहतंच, ते जाड काचेनं आणि कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या सांध्यांनी करायचं. आणखी एक गंमत म्हणजे पाण्याचा दाब लांबीवर नाही, खोलीवर ठरतो. 60 सेंटिमीटर पाण्याचा त्या लांब काचेवर एकूण रेटा सुमारे 325 किलोचा. पाणी 90 सेंटिमीटर केलं तर हाच रेटा सव्वासातशेच्या पुढे जातो. उंची दीडपट, रेटा सव्वादोनपट! म्हणून रिमलेस टँक पसरट बरा, उंच नको.

हा धडा ग्वाल्हेरनं फार महागात शिकलेला आहे. आपल्या नळाला ज्या तिघऱ्याचं पाणी येतं, तिथलं सांक नदीवरचं दगडी धरण 1917 च्या पावसाळ्यात फुटलं होतं. पायाखालच्या वालुकाश्माच्या थरांत पाणी मुरलं, त्या पाण्यानं खालून दाब दिला आणि भिंत जागेवरून सरकली. भिंत भक्कम होती, पण ती उभी होती तो पाया दगा देऊन गेला. आणि हे काही फक्त जुन्या काळचं नाही. 16 डिसेंबर 2022 रोजी बर्लिनच्या एका हॉटेलातलं 10 लाख लिटरचं मत्स्यालय पहाटे अचानक फुटलं. सुमारे दीड हजार मासे होते, जवळजवळ सगळे गेले. लॉबीत त्या वेळी वर्दळ नव्हती, म्हणून माणसं वाचली.

हे सगळं ऐकून पुतण्या ताटावरून उठला. "मग नकोच. या घरात काही नवीन करायचंच नाही, असं सांगा सरळ."

मला वाईट वाटलं. घर सोडून गेलेली मुलं सगळ्यांकडेच आहेत. हा परत आला होता आणि या घरात स्वतःचं असं एक काहीतरी मागत होता. मी हिशेब बरोबर केला होता, पण बोललो मात्र परीक्षकासारखा.

दोन दिवसांनी आईनंच तोड काढली. "खालच्या बैठकीत ह्यांच्या पुस्तकांचं कपाट आहे ना, ते वर न्या. मासे खाली येऊ देत. मलाही जिना चढवत नाही."

मग इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी बैठकीतली फरशी उचलून बघायला लावली. खाली जुना भराव होता, तो ठोकून त्यावर काँक्रीटचा थर घातला. पुतण्यानं आपणहून उंची 60 वरून 45 केली. पाणी झालं 607 लिटर आणि लांब काचेवरचा रेटा 325 वरून 180 किलोवर आला. स्टँड पाणसळ लावून सपाट केला, वर थर्माकोल अंथरलं, कारण बिनपट्टीच्या टँकचं सगळं वजन तळाच्या काचेवर असतं आणि खाली एक खडा राहिला तरी तिथून तडा जाऊ शकतो. सिलिकॉन घेताना बाथरूमचं बुरशीरोधक घेतलं नाही, ते माशांना विषारी. सांधे पूर्ण वाळू दिले, मग चौकात ठेवून आठवडाभर पाणी भरून पाहिलं. आत आणल्यावरही सहा आठवडे मासे सोडले नाहीत. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू आधी वाढावे लागतात.

उन्हाळ्यात पारा 45 च्या वर गेला तेव्हा पंखा लावून पाणी थंड ठेवलं. झाकण नसल्यामुळे पाणी उडतं. पातळी रोज पाच मिलिमीटर उतरली तरी पावणेसात लिटर घालावं लागतं, आणि तेही आरओचं, नाहीतर क्षार साठत जातात. वीज गेली तर हवेचा पंप इन्व्हर्टरवर चालतो. एका सकाळी आईला फरशीवर एक मासा सापडला. उडी मारून बाहेर पडला होता, वाचला नाही. दिवसभर ती पुतण्याशी बोलली नाही. तेव्हापासून पाणी काठापासून चार बोटं खाली असतं आणि वर तरंगत्या वनस्पती असतात.

कंपू हा शब्द मूळचा फौजेचा. महादजी शिंद्यांसाठी डिबॉईननं उभ्या केलेल्या कवायती पलटणींना कंपू म्हणत. हल्ली आमच्या बैठकीत संध्याकाळी वेगळाच कंपू जमतो, पुतण्याचे मित्र, शेजारची पोरं आणि मधोमध खुर्ची टाकून आई. कुठल्या माशानं आज खाल्लं नाही, हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं.

तुमच्याही घरात कुणी असा हट्ट धरला असेल तर नाही म्हणू नका. फक्त काचेच्या दुकानात जाण्याआधी मजल्याखाली कोण झोपतं ते बघा आणि इंजिनिअरला एकदा घरी बोलवा.

पुन्हा भेटूच, पुढच्या अंकात.