बैठकींतील उत्तम जागा

अंधेरी-मुलुंडकडील आटोपशीर बिऱ्हाडांतून स्टिरिओ यंत्र आढळतें. पण त्याचे दोन स्पीकर मात्र बहुधा कोपऱ्यांत कोंबलेले! कोपऱ्यांतील भिंती खर्ज फुगवितात आणि गायकाचे शब्द त्यांत बुडतात. म्हणून स्पीकर भिंतीपासून हातभर पुढें घ्यावे. दोहोंत ६ फूट अंतर असेल, तर ऐकणारानेंही प्रत्येकापासून ६ फुटांवरच बसावें. म्हणजे समभुज त्रिकोण साधतो. उंची बसलेल्या माणसाच्या कानाइतकी असावी. ध्वनिमुद्रण चांगलें असल्यास तबला एका अंगास, पेटी दुसऱ्या अंगास व गायक मधोमध बसल्याचा भास होतो. १९३१ सालीं ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्यानें ज्या युक्तीचें पेटंट मागितलें, ती हीच. मात्र थोडें बाजूस सरकलें, कीं जवळच्या स्पीकरचा नाद कानीं आधीं पडतो आणि भास मोडतो.

म्हणजे दहा माणसांच्या घरांत उत्तम जागा एकच! ती कोणाची? यंत्र विकत आणणाऱ्या चिरंजिवांची, असें सहज ठरून जातें. आम्हांस तें पटत नाहीं. मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरापर्यंत जाणें ज्यांना आतां झेपत नाहीं, त्या आजींची खुर्ची प्रथम मांडावी व स्पीकर मग तिच्या मापानें लावावे. तरुणांना मैफली पुष्कळ आहेत.